तारांचा हंगाम

दसरा झाला की आमच्याकडे द्राक्षबागांची छाटणी सुरू होते. नाशिक रोडहून निघून मी सायखेड्याच्या रस्त्याला लागते, तेव्हा आठवड्याभरात दोन्ही बाजूंच्या बागा उघड्याबोडक्या झालेल्या असतात. कालपर्यंत हिरवा मांडव होता तिथे आज नुसत्या काड्या आणि त्यांच्यामधून गेलेल्या तारा. सकाळच्या उन्हात त्या तारा ओल्यासारख्या चमकतात. बाया हातमोजे घालून, काडीवरचे डोळे फुटावेत म्हणून त्यांना पेस्ट लावत पुढे सरकत असतात, त्यांच्या गप्पा रस्त्यापर्यंत येतात. वर्षाचं खरं काम आता सुरू होणार, म्हणून सगळे जरा उत्साहात असतात. माझं लक्ष मात्र मांडवाखालच्या गवताकडे जातं. पावसाळा पिऊन गुडघ्याएवढं वाढलेलं, लुसलुशीत, कुठल्याही गायीला आवडेल असं गवत. ते पाहिलं की मी गाडी हळू करते आणि त्यात काही चमकतंय का ते बघत राहते. दर वर्षी हेच होतं. इतक्या वर्षांत ते कमी होईल असं वाटलं होतं, झालं नाही.

मी गुरांची डॉक्टर आहे. ज्या हंगामाबद्दल मी बोलतेय, त्या वर्षी मी नुकतीच पदवी घेऊन बाहेर पडले होते आणि सोनवणेसरांच्या हाताखाली काम शिकत होते. सर साठीचे, कमी बोलणारे. गोदाकाठच्या दहा-बारा गावांतल्या गोठ्यांमध्ये त्यांनी हयात घालवली होती. त्यांच्या जीपमध्ये नेहमी फिनेलचा, ओल्या पेंढ्याचा आणि खोबरेल तेलाचा मिळून एक वास असायचा. तो अजूनही कुठे आला तर मी सावरून बसते.

त्या वर्षी पाऊस जाता जाता एका दुपारी वारा सुटला. अर्धा तास असेल. पानांनी आणि पाण्याने जड झालेले मांडव त्या वाऱ्यात धरले गेले, आणि नदीकाठच्या तीन-चार बागा खांबांसकट आडव्या झाल्या. मग सगळीकडे दुरुस्ती सुरू झाली. वेड्यावाकड्या झालेल्या तारा कापून काढायच्या, वाकलेले लोखंडी अँगल सरळ करायचे, नवी तार ओढायची. दिवसभर पकडीने तारा तोडल्याचा टक्-टक् आवाज यायचा. मोठे तुकडे लोक गोळा करून भंगारात देत. बोटाएवढे, वीतभर तुकडे मात्र गवतात पडून राहिले. आणि गवत कुणी वाया घालवत नाही. ते कापून गोठ्यात येतं, तिथल्या कुट्टीच्या यंत्रात जातं, आणि गवताबरोबर तारेचेही बारीक तुकडे होतात. पात्याने तिरपे कापलेले, दोन्ही टोकांना सुईसारखे. गाय चावत बसत नाही. ती आधी गिळते, रवंथ मागाहून. दाण्यात, चाऱ्यात काय आलं ते तिच्या जिभेला कळत नाही. जड वस्तू तिच्या पोटाच्या पुढच्या कप्प्यात जाऊन पडते, आणि त्या कप्प्याला लागूनच, मध्ये एक पातळ पडदा सोडला तर, तिचं हृदय असतं.

हे सगळं मी पुस्तकात वाचलं होतं. परीक्षेत त्यावर चांगले गुणही मिळाले होते.

मांडव पडल्यानंतर दहा-बारा दिवसांनी सरांनी एक खोकं माझ्यापुढे ठेवलं. आत मेटल डिटेक्टर होता. मोठ्या कार्यक्रमांच्या दारात शिपाई आपल्या अंगावरून फिरवतात, साधारण तसाच. लांब मूठ आणि पुढे चपटा दांडा. सर म्हणाले, "घड्याळ काढ. पट्ट्याचं बक्कल, खिशातला फोन, सगळं काढून ठेव. नाहीतर हे तुझं घड्याळ शोधेल आणि आपण गायीचं पोट उघडून बसू."

मग त्यांनी एक लाकडी पट्टी घेतली, तिच्या टोकाला चिकटपट्टीने एक चूक, म्हणजे बारीक खिळा, बसवली आणि टेबलावर ठेवली. मी यंत्र चालू करून जवळ नेलं. ते किंचाळलं. मी खूश झाले.

"जवळ कुणीही वाजवेल," सर म्हणाले. "लांब ने. चार बोटं. आता वीतभर. वाजतंय?"

"वाजतंय."

"अजून लांब. आता?"

"आता नाही."

"हे अंतर लक्षात ठेव. गायीची कातडी, मांस, पोटाची भिंत, एवढ्याच्या पलीकडची तार तुला ऐकायचीय. रोज सकाळी ही पट्टी घेऊन बघायचं. नुसतं वाजतं का ते बघायचं नाही, याच अंतरावरून वाजतं का ते बघायचं. प्रत्येक गोठ्यात, जनावराला लावायच्या आधी. समजलं?"

मी समजलं म्हटलं. ते मला खरंच समजलं होतं, हे इथे सांगायला हवं. न शिकवल्यामुळे माझ्या हातून काही झालं, असं मला कधी म्हणता आलं नाही.

पुढचा आठवडा शिकण्यात गेला. गोठ्यात यंत्र धरलं की ते सतत ओरडायचं, कारण पत्र्याचं छप्पर, लोखंडी गव्हाण, खुंट्याची साखळी, सगळंच लोखंड. मग गाय मोकळ्यावर आणायची, गळ्यातली साखळी काढून दोर बांधायचा, आणि डाव्या कोपराच्या मागे, छातीच्या खालच्या अंगाला दांडा सावकाश फिरवायचा. गायी बिचकत. त्या आवाजाने शेपट्या वर घेऊन पळत, लोक हसत. एका वस्तीवर एका म्हाताऱ्याने विचारलं, "मॅडम, हिच्याजवळ बंदूक हाय का बघू ऱ्हायल्या का काय?" मीही हसले होते.

त्याच वस्तीवर आम्ही ओळीने दहा गायी तपासल्या. सगळ्या खात्या-पित्या, चकचकीत. त्यातल्या सात वाजल्या. पहिल्या दोन वाजल्या तेव्हा लोक गोळा झाले, चौथी वाजली तेव्हा बोलणं थांबलं, सातवीला कुणी हसलं नाही. सातही गायी तशाच शांत उभ्या होत्या, एक माझी बाही चाटत होती.

परत येताना जीपमध्ये मी म्हटलं, "सर, या आजारी नाहीत."

"नाहीत. लोखंड पोटात पडून असेल, आयुष्यभर तसंच राहीलही. वाजलं म्हणजे लोखंड आहे, एवढंच. टोचलंय का ते गाय सांगते." मग जीपचे दिवे लावत म्हणाले, "आणि गप्प बसलं म्हणजे काही नाही, असंही नसतं." बाहेर काळोख पडायला लागला होता, बागांमधल्या तारा दिसेनाशा होत होत्या. त्या दिवसापासून मला कुठलीही चरणारी गाय पाहिली की तिच्या कोपरामागची ती जागाच आधी दिसायला लागली.

निघण्याआधी सरांनी त्या सात गायींना चुंबक दिलं होतं. बोटाएवढा जाड लोहचुंबकाचा तुकडा घशातून खाली ढकलायचा. तो त्याच कप्प्यात जाऊन बसतो आणि तारा स्वतःला चिकटवून घेतो. मग सरांनी एक भाग माझ्यावर सोपवला. यंत्र, पट्टी, चुंबकांची पिशवी आणि माझी स्कूटर.

मंदाताईंचा मळा सायखेड्याच्या अलीकडे, नदीच्या उतारावर. त्या घरात द्राक्षं नव्हती. झेंडू, शेवंती, थोडी मेथी-कोथिंबीर, आणि ते सगळं पहाटेच्या गाडीने नाशिकच्या बाजारात. मंदाताई चाळिशीच्या, सडपातळ, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणाऱ्या. त्यांचे यजमान गाडीबरोबर बाजारात असत. मळ्यात त्या आणि त्यांचे सासरे, आण्णा. गोठ्यात एकच गाय होती. काळी, कपाळावर पांढरा ठिपका, नाव काजळी. मंदाताईंनी तिला वासरू असल्यापासून वाढवलेली. ती गाभण होती, आठवा महिना संपून नववा लागला होता.

त्या दिवशी काजळीचं घर सातवं होतं. दसऱ्यानंतरचा आठवडा, झेंडूची तोडणी अजून चालू, सगळ्या मळ्यात त्या फुलांचा कडसर वास. सकाळी दवाखान्यातून निघताना पट्टी कुठे दिसेना. मी यंत्र स्कूटरच्या किल्लीला टेकवून पाहिलं, वाजलं, हिरवा दिवा लागला, आणि निघाले. दिवसभरात सहा घरं केली. सहाही ठिकाणी यंत्र गप्प राहिलं. मला बरंच वाटलं. वाटलं, चला, या बाजूला तारा कमी गेलेल्या दिसतायत.

"कालपासून खातच नाय ऱ्हायली," मंदाताई म्हणाल्या. "दूध तर आटवलेलंच हे, पण वैरणीला तोंड नाय. नुसती उभी."

काजळी उभी होती. पाठ किंचित वर काढून, पुढचे कोपर अंगापासून जरा लांब धरून. मी तिच्या खांद्यावरची कातडी चिमटीत धरली. निरोगी गाय अशा वेळी पाठ खाली दाबते. हिने दाबली नाही, बारीक कण्हली. माझ्या मनात आलं, गाभण आहे, पोट जड झालंय. मग मी यंत्र फिरवलं. कोपरामागे, छातीखाली, पुन्हा एकदा. काही नाही.

"तार नाही," मी म्हटलं.

आण्णा ओट्यावर बसून होते. पंचाहत्तरीचे, डोळ्यांना कमी दिसायचं. ते म्हणाले, "मॅडम, सकाळी मी तिला नदीवर न्याया काढली. वर चढती, पण उतारावर पाऊल टाकत नाय. जागीच थांबती. तिला आत टोचतंय."

"आण्णा, यंत्राने बघितलंय ना. अपचन आहे. पोट जड झालंय म्हणून उतार नको वाटतोय."

"यंत्रानं बघितलं," आण्णा म्हणाले. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, हे मला नंतर फार आठवलं. त्यांनी माझं खरं मानलं होतं.

मी पोटाची भुकटी दिली आणि ताप-वेदनेचं इंजेक्शन टोचलं. निघताना मंदाताईंनी फुलांनी भरलेली पिशवी स्कूटरला अडकवली. "मॅडम, जीव भांड्यात पडला," त्या म्हणाल्या. "शेजारच्या बागंतलं गवत घालते ना मी तिला. तेच डोक्यात होतं."

दुसऱ्या दिवशी फोन आला, खायला लागली. तिसऱ्या दिवशीही खात होती. वेदनेचं औषध वेदना झाकतं, तेवढा काळ गाय खाते, चालते, तार आत आपलं काम करत राहते. तेव्हा हे माझ्या मनात आलं नाही. घरी पाण्यावर ठेवलेल्या झेंडूच्या फुलांकडे बघून मला समाधान वाटत होतं.

बाराव्या दिवशी मंदाताईंचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज वेगळा होता. "मोठ्या डॉक्टरांना घेऊन या."

आम्ही पोचलो. काजळीच्या जबड्याखाली पाणी भरल्यासारखी सूज लोंबत होती. मानेची शीर दोरखंडासारखी फुगून वर आली होती आणि तिच्यातली उडी लांबूनही दिसत होती. सरांनी छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं, मग माझ्या कानांत घातली. हृदयाचे ठोके नव्हते ते. अर्ध्या भरलेल्या घागरीत पाणी हिंदकळावं तसा आवाज होता.

"यंत्र आण," सर म्हणाले.

पट्टी सापडली होती, जीपच्या सीटखाली. सरांनी ती माझ्या हातात दिली आणि यंत्र त्या चुकेपासून वीतभर लांब धरलं. काही नाही. चार बोटांवर आणलं. काही नाही. अगदी टेकवल्यावर ते बारीक आवाजात वाजलं. हिरवा दिवा पूर्ण वेळ लागलेला होता.

सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी मागचं झाकण काढून सेल बदलला आणि दांडा काजळीच्या डाव्या कोपरामागे नेला. ते यंत्र जे ओरडलं, त्याने झेंडूच्या वाफ्यातल्या बाया उठून उभ्या राहिल्या. आण्णांनी ओट्यावर बसल्या बसल्या मान खाली घातली.

सरांनी मंदाताईंना सगळं सांगितलं. तार पडद्यातून हृदयाच्या पिशवीत गेलीय, तिथे पू झालाय, आता पोट उघडून उपयोग नाही. वासरू वाचण्याइतके दिवस भरलेत; इंजेक्शन देऊन आधी बाहेर आणता येईल. मंदाताई म्हणाल्या, "आणा." दोन दिवसांनी दुपारी एक लहानशी, काळीभोर, जेमतेम उभी राहणारी कालवड झाली. काजळीने तिला चाटलं. सगळी नाही चाटून झाली. मध्येच खाली बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

मंदाताई म्हणाल्या, "मला बघायचंय." सर नको म्हणत होते. त्या हलल्या नाहीत. सरांनी पोट उघडलं, मी हात घातला. तो वास मी लिहिणार नाही. तार माझ्या बोटांना लागली ती हृदयाच्या बाजूला घुसलेली, अडीच इंच, एक टोक तिरपं कापलेलं. पाण्याने धुतली तर अजूनही चमकत होती.

मंदाताईंनी ती तळहातावर घेतली. बराच वेळ बघत राहिल्या आणि मग तिथेच मातीत बसल्या. "मीच घातलं ना गं," त्या म्हणाल्या. कुणाला म्हणत होत्या कोण जाणे, कदाचित काजळीलाच. "माझ्या हातानं कापून आणलं, माझ्या हातानं कुट्टीच्या यंत्रात घातलं. मीच मारली."

जीपमध्ये सामान ठेवताना सर हळू आवाजात म्हणाले, "सेलबद्दल मी तिथे काही बोललो नाही. बोलणारही नाही. तुझं तू ठरव."

मी खूप काही ठरवलं असं नाही. बोलले नसते तर कुणाला कळलं नसतं. त्यांना यंत्रातलं काय कळणार होतं? सेल संपला होता म्हणाले असते तर तेही चाललं असतं, ते खरंच होतं. पण ती बाई मातीत बसून सगळा दोष आपल्या हातांवर घेत होती, आणि तो सगळा तिचा नव्हता. मी परत गेले आणि तिच्यासमोर बसले.

"मंदाताई, पहिल्या दिवशी मी आले तेव्हा यंत्र बंद पडल्यासारखंच होतं. ते रोज तपासून घ्यायचं असतं. मला शिकवलं होतं. मी तपासलं नाही."

त्यांनी वर पाहिलं. "म्हणजे तार त्या दिवशीही होती?"

"हो."

"आन त्या दिवशी कळलं असतं तर?"

"ऑपरेशन केलं असतं. बहुतेक जगली असती."

"आण्णा सांगत होते तुम्हाला."

"हो."

त्या उठल्या. तार त्यांनी मुठीत तशीच धरली होती. घरात गेल्या आणि दार लावून घेतलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी अंगणात किती वेळ उभी होते ते आठवत नाही. आतून कालवडीसाठी बाटली उकळायला ठेवलेल्या पाण्याचा आवाज येत होता, एवढं आठवतं.

घरी येऊन मी वही उघडली, तेव्हा मला दुसरी गोष्ट दिसली. काजळी सातवी होती. तिच्या आधी, त्याच दिवशी, त्याच यंत्राने, मी सहा घरांत "तार नाही" सांगितलं होतं. सहाही नावं माझ्याच अक्षरात, समोर बरोबरची खूण. आदल्या दिवशी पट्टीवर यंत्र बरोबर अंतरावरून वाजलं होतं, आणि त्या दिवशी माझा भाग संपला म्हणून नंतर मी ते बाहेर काढलंच नव्हतं. त्या सहा गोठ्यांमध्ये लोक निर्धास्त होते, माझ्यामुळे. चौदा दिवस झाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवे सेल, पट्टी आणि चुंबकं घेऊन मी निघाले. सायखेड्याच्या रस्त्यावर मळ्याच्या फाट्याशी मंदाताई उभ्या होत्या. त्यांनी हात केला. मी थांबले.

"सोनवणे डॉक्टरांना फोन केला होता मी," त्या म्हणाल्या. "तुम्ही बाकीच्यांकडं चालल्या म्हणाले. मी येते."

"तुम्ही कशाला?"

"तुम्ही एकट्या गेल्या तर लोक म्हणतील, मागं नाय म्हटल्या, आता हाय म्हणू ऱ्हायल्या. कोणी गायीला हात लावू देणार नाय. मी सांगते."

त्या मागे बसल्या. आणि पहिल्या अंगणात, चार माणसं गोळा झाल्यावर, त्या सरळ उभं राहून म्हणाल्या, "या मॅडमनी माझ्या गायीला तार नाय म्हणून सांगितलं. यंत्र बिघडलेलं व्हतं, त्यांनी बघितलं नाय. गाय मेली. तुमच्या गायीलाबी त्यांनी त्याच दिवशी बघितलं. आता परत बघू द्या."

प्रत्येक अंगणात हेच, याच शब्दांत. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. मी शेजारी उभी राहून ऐकायचे, मग पट्टी काढायचे, सगळ्यांसमोर अंतर दाखवायचे आणि गायीजवळ जायचे. पहिल्या घरी काही नव्हतं. दुसऱ्या घरी वाजलं, गाय खात होती, कण्हत नव्हती, चुंबक दिलं. तिसऱ्या घरी वाजलं, आणि खांद्याला चिमटा काढल्यावर गाय कण्हली. घरातल्या म्हातारीने माझ्याकडे असं पाहिलं की मी नजर वळवली. सरांना बोलावलं, त्याच दुपारी झाडाखाली तिचं पोट उघडलं, तार काढली. ती जगली. चौथ्या आणि पाचव्या घरी काही नाही.

सहाव्या घरी दावं रिकामं होतं.

"ती? ती तर विकली," घरमालक म्हणाला. "आठ दिवस झाले. थोडी कमी खाऊ ऱ्हायली व्हती, म्हटलं तुम्ही बघितलेलंच हे, काय नाय. बाजारात गिऱ्हाईक भेटलं."

"कोण होतं?"

"सटाण्याकडचा कोणतरी. अहिराणी बोलत व्हता. घरी दुधाला पाहिजे म्हणाला. नाव नाय विचारलं."

मी बाजारात गेले, दोन दलालांना भेटले, पुढच्या आठवड्यातही गेले. एकाने वही न उघडताच सांगितलं, "मॅडम, रोज गाया येत्यात न् जात्यात. काळी-बांडी गाय म्हणजे कोणती सांगू?" ती गाय मला कधीच सापडली नाही. कुठल्या घरी गेली, कुणी तिला नाव दिलं, तिच्या कोपरामागे काही होतं की नव्हतं, मला माहीत नाही. कदाचित ती म्हातारी होऊन मेली असेल. हे मी स्वतःला सांगते, आणि बागा उघड्या पडायला लागल्या की त्या सांगण्यातला जोर जातो.

त्या दिवशी परत येताना नदीजवळच्या वळणावर मंदाताई मागून म्हणाल्या, "मी आले म्हणून माफ केलं असं समजू नका."

"नाही समजत."

"लोकांच्या गाया हायेत त्या. म्हणून आले."

"हो."

"पुढं खड्डा हे. डावीकडून घ्या."

नंतरच्या काळात मंदाताईंनी मला गुरांसाठी बोलावलं. लगेच नाही, दोन वर्षांनी. आम्ही त्या दिवसाबद्दल पुन्हा कधी बोललो नाही. आजही मी त्यांच्या अंगणात यंत्र काढते तेव्हा त्या हातातलं काम थांबवतात आणि मी चुकेपासून वीतभर अंतर मोजेपर्यंत नजर काढत नाहीत. त्यात राग नसतो. विश्वासही नसतो म्हणा. मला ते योग्य वाटतं.

पण त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. आम्ही मळ्यात पोचलो तेव्हा सूर्य नदीपलीकडे टेकला होता. झेंडूच्या बाया घरी गेल्या होत्या. गोठ्यात कालवड पोत्यावर झोपली होती, तिचं अंग अजून नीट वाळल्यासारखंही दिसत नव्हतं. गवताला तोंड लावायला तिला कितीतरी दिवस होते. तिच्याशेजारी आण्णा बसले होते, पुढ्यात कुट्टीचा मोठा ढीग. डोळ्यांना दिसत नव्हतं म्हणून ते एकेक मूठ घेऊन, दोन्ही तळहातांत चोळून, बोटांनी चाचपत दुसऱ्या बाजूला टाकत होते. मी जवळ गेले तरी त्यांनी हात थांबवला नाही.

त्यांच्या गुडघ्याजवळ एका कागदावर तारेचे चार तुकडे काढून ठेवले होते. ढीग अजून अर्धाही झाला नव्हता.